पुढच्या पेटीतलं वजन

हातकणंगले,
१० फेब्रुवारी १९९९

चि. नागसेन यास अक्काचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या दाजींची कंबर गेल्यापासून धाकटे दीर केरबा भाऊजी यांनी एकच धोशा लावलाय, की घरात चालवायला पुरुषमाणूस न्हाय, ट्रॅक्टर विका. जणू दिवाळीपासूनची नांगरट आपोआप झाली. मी तोंडावर सांगितलं, की चालवणारी मी हाय.

इचलकरंजीत वृषभशेठच्या गोदामात सुताची खोकी लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर, रचून येतात. ती आवारातच पडून राहतात, आत न्यायला हमाल मिळत नाहीत. म्हणून भंगारातल्या यंत्रमागाचं लोखंड आणून ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला दोन लांब काटे करून घेतेय. वेल्डिंग गावातल्या सयाजी लोहाराचं, मापं माझी. एक पॅलेट नीट नेऊन दाखवलं तर काम आपलं, असं शेठ म्हणालेत. काम मिळालं तरच ट्रॅक्टर दारात राहील.

तू हसू नकोस. माया आहे तितकी राहू दे.

तुझी अक्का,
संघप्रिया

भोसरी, पुणे,
१९ फेब्रुवारी

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

हसलो नाही, घाबरलो. आमच्या कारखान्यातल्या, अशाच काट्यांनी ओझं उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट माझ्याच देखरेखीखाली चालतात. त्या गाडीला काट्यांच्या उलट टोकाला मुद्दाम ओतीव लोखंडाचं वजन असतं. तुझ्या ट्रॅक्टरनं मागं ओझं उचललं, की पुढची चाकं हवेत आणि स्टिअरिंग नुसतं शोभेला. लहानपणी तू आंब्यावर चढायचीस आणि उतरवायला शिडी मी आणायचो. आता मी लांब आहे. ट्रॅक्टर विकलेला बरा.

आणि दाजींचं मत काय? त्यांच्याविषयी तू लिहितच नाहीस.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
नागसेन

हातकणंगले,
५ मार्च

चि. नागसेन यास जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी दारात खताची पोती उचलून बघितली आणि पुढची चाकं वर आली. भाऊजी पोट धरून हसले. म्हणाले, की उसाची ट्रॉली ओढताना बसवतात तशी चार पोरं पुढं बसवू. मी सांगितलं, की पोरं म्हणजे वजन न्हवं, माझ्या गाडीवर ते चालणार न्हाय.

मग तुझं ते ओतीव वजन डोक्यात बसलं. बंपरपुढं लोखंडी पेटी करून घेतली. पहारी, साखळ्या, जॅक, पाने, जे सीटखाली खडखडायचं ते सगळं तिच्यात. तळाला त्याच यंत्रमागाची वजनं, बोल्टांनी आवळून. आता हत्यारंही जागेवर सापडतात.

काल गोदामात पॅलेट वितीभर उचललं. पुढची चाकं जमीन धरून राहिली. आत नेऊन ठेवलं, एकही खोकं हललं नाही. शेठ कामाला हो म्हणाले.

भाऊजी तिथं गिऱ्हाईक घेऊन आले होते, ह्यांनाही रिक्षातून आणून बाकावर बसवलं होतं. माझी फजिती होईल आणि जागेवर सौदा होईल, असा त्यांचा होरा. गिऱ्हाइकानं ह्यांना किंमत विचारली. नागसेन, ह्यांचं मत मलाही ठाऊक नव्हतं. इतके दिवस खाटेवर गप्प पडून होते, तेच मला सलत होतं. काल कंबरेवर हात ठेवून उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की पावणं, गाडी तिची हाय, तिलाच इचारा.

गिऱ्हाईक माझ्याकडं वळलं. मी त्याला म्हटलं, की वाटंतनं बाजूला व्हा, अजून लई पॅलेटं आत न्यायची हाईत.

आंब्याच्या दिवसांत ये. शिडी आणू नकोस. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी अक्का