वेशीवरची अदलाबदल

११ जानेवारी, शनिवार. असोदा

आज पुन्हा गावाच्या अलीकडे गाडीतली जागा बदलली! भुसावळपासून ट्रेलर ओढत मी आणला. गाव दीड किलोमीटर राहिलं तसा ललित म्हणाला, "घे बाजूला. आईला चालत नाही, माहितेय ना." मी उतरले, तो स्टिअरिंगवर बसला. भाड्याचं घर सोडून ट्रेलरमध्ये राहायला लागलो त्याला चौदा महिने झाले, तेव्हापासून हेच चाललंय. असोदा हे त्याचं गाव. सून बोलेरो चालवतेय, मागे घर जोडलेलं आणि नवरा शेजारी बसलाय, हे सासूबाईंना सहन होणार नाही म्हणे.

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. ललितला हे तोंडपाठ आहे. हाताला येत नाही. गोठ्याचा दगडी ओटा मी त्याला दाखवला. तीनदा थांब म्हटलं. मागचा उजवा कोपरा बसलाच! पत्र्याला बावीस सेंटिमीटरची चीर, दिवा फुटला. सासूबाई, शेजारचे हेमराज नाना, अर्धी गल्ली बघतेय, आणि हा म्हणतो, "हिने मागून नीट सांगितलंच नाही."

मी काचा वेचल्या. या ट्रेलरमधला एकूण एक जोड मी केलाय. वायरिंग, पाण्याचा पंप, छतावरचं सोलर. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पाच वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली. आणि मला नीट सांगता येत नाही!

१२ जानेवारी

चिरेत सिलिकॉन भरलं. सुकायला चोवीस तास. ललितशी बोलले नाही.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर बायका ट्रेलर बघून गेल्या. एकीने पलंगावर आडवं होऊन पाहिलं. एकीने नळ सोडला तो तसाच — चाळीस लिटर पाणी गेलं. "सैपाक बी इथंच अन् संडास बी इथंच?" यावर सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. प्रश्न बरोबर आहे. मधलं दार किती जाड करायचं यावर मी आठवडा घालवला होता.

दुपारी मळ्यात भरताची वांगी भाजायला गेलो. कपाशीच्या काड्या पेटवल्या. सासूबाई सांगायला लागल्या की मी गाडी शिकून घ्यावी, दर वेळी ललितच्या तोंडाकडे बघू नये. त्या स्वतः लुना शिकल्या, दुधाच्या बरण्या लावून जळगावला जायच्या.

"लोक हासले. हासू दे म्हनलं. तू कायले भेते वं?"

मी भिते असं कोण म्हणालं, विचारलं.

"ललितच म्हने. सडकीवर तुले धडकी भरते म्हने. म्हनून तोच चालवते."

मी वांगं उलटवलं. बोट भाजलं.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. आईसमोर त्याला खोटं पाडायचं नाही एवढं भान मी ठेवते. गल्लीसमोर त्याने ठेवलं? आणि चौदा महिने मनातल्या मनात या बाईला मी काय काय बोलले! त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

ट्रेलरमध्ये आल्यावर त्याला विचारलं. म्हणाला, "अगं, विषय वाढू नये म्हणून." कोणता विषय? मग म्हणाला, "लोक मला काय म्हणतील ते तुला नाही कळणार."

म्हणजे आईला नाही. यालाच चालत नाही.

आवाज न चढवता सांगितलं : यापुढे गाडीतली जागा बदलणार नाही. बदलायचीच असेल तर मी जळगावात खोली घेते, कारखान्यात परत जाते, ट्रेलर तू ओढ. तो म्हणाला, "बघू."

१५ जानेवारी. मेहरूण तलाव, जळगाव

सकाळी तलावाकडे दार उघडं टाकून चहा प्यायलो. पाण्यावर धुकं, काठाने फिरायला आलेली माणसं. बॅटरी ब्याण्णव टक्के, टाकी भरलेली, चीर कोरडी. काल जिथे होतो तिथे आज नाही, आणि तरी डबे आपापल्या जागी. दुसरं काही नको असतं मला. हे सोडायचं? तेही असल्या कारणासाठी? राग येतो तो याचाच.

१७ जानेवारी, शुक्रवार. पारोळ्याच्या पुढे

आरशात ट्रेलरच्या डाव्या चाकातून धूर दिसला. हात टेकवेना, तापमापी एकशे बारा! बेअरिंग गेलं. सुटं जवळ होतं. जॅक लावला, हब उतरवला, ग्रीस भरलं, दीड तासात नवं बसवलं. ललितने पाण्याची बाटली धरली.

पंक्चरच्या टपरीवरचे भटूभाऊ येऊन बसले होते, मोठा पाना त्यांनीच दिला. सगळं मीच केलेलं बघून ललितला म्हणाले, "बठ्ठं वहिनीच करस. मंग तुम्हनं काय काम शे, भाऊ?"

ललित हसला. "मी ड्रायव्हर ना!"

भटूभाऊंनी मला स्टिअरिंगवरून उतरताना पाहिलं होतं. ते पाना पुसत राहिले. नंतर मला एकटीलाच चहा विचारला.

मी प्यायले. दोन कप.

१८ जानेवारी. धुळे

पांझरेच्या पुलाअलीकडे ललित म्हणाला, "घे बाजूला. मावशीच्या गल्लीत सगळे ओळखीचे आहेत." घेतली. तो उतरला, पुढून वळसा घालून माझ्या दारापाशी आला. दार मी आतून लावलं होतं. त्याने काचेवर बोटाने टकटक केलं. मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि निघाले.

देवपुरात पुष्पामावशींचं फाटक अरुंद, दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर. ट्रेलर एका दमात मागे घेऊन आत लावला. गच्च्यांवर माणसं जमली होती. मावशींनी विचारलं, ललित कुठाय?

म्हटलं, पायी येतोय.