आधी चाला, मंग बोला

२४ ऑक्टो.
शाळेचं हजेरी रजिस्टर अर्धं कोरं पडलं होतं, त्यातच लिहून राह्यली. आमच्या टोल्यावरच्या, वस्तीवरच्या, शाळेले कुलूप लागलं, गुरुजी बदलीवर गेले. जातानी खिचडी शिजवाचा गंज आन् तीस थाळ्या माह्या घरी ठेवल्या. "रेखाबाई, शाळा सुरू झाली का लागतीन," म्हणे. दोन वर्सं झाले. मी शाळेची सैपाकीण, आता सैपाक कोनासाठी करू?
पट कमी म्हणून बंद. अकरा पोट्टे. अकरा सायबाले कमी वाटते, मायले नाई वाटत.
आता ते अकरा साडेतीन किलोमीटर जंगलातून खालच्या गावच्या शाळेत जातेत. पाळीनं दोन बाया संग. वाघ जवळ यू नये म्हणून त्याच थाळ्या वाजवत जातो. आज नाल्याच्या रेतीत ताजे पंजे. माही चाकुली तिसरीत आहे. तिनं आपला हात त्या पंजात ठेवून पाह्यला. मी एक झापड देल्ली. मंग रडू मलेच आलं.

२५ ऑक्टो.
चाकुलीचे बाबा मूल गावच्या राइस मिलमधून आले. पंजाचं कोनी तरी सांगितलंच. जेवता जेवता म्हणाले, "पोट्टीले घरीच ठेव आता. जीव राह्यला तं शिकन."
वाईट मानूस नाई. भेते बिचारा. मी पन भेतो, पन मी तिले चुलीपाशी नाई बसवत. म्हणलं, इलेक्शन येऊन राह्यलं, निकालापर्यंत थांबा. "निकालानं वाघ जाते का?" म्हणे. पन हो म्हणाले. निकालापर्यंत.

२९ ऑक्टो.
दिवाकरभाऊ आला. इलेक्शन आलं का हा पार्टीच्या गाड्याईचा, झेंड्याईचा होते. "परवा आमचे उमेदवार सायेब येतेत. पाच बाया थाळी घेऊन उभ्या राहा, ओवाळाले."
शेजारची वच्छलाबाई, नात चौथीत आहे तिची, ते म्हणे, "थाळी तं आहेच गा. पन ते वाघ हाकलाची आहे."
संध्याकाळी मोहाखाली साऱ्या बाया बसलो. ठरलं. मत मांगाले येईन त्यानं आधी पोट्ट्याईच्या वाटेनं शाळेपर्यंत चालाचं. मंग भासन. मी कोळशानं शाळेच्या भिंतीवर लिहिलं : आधी चाला, मंग बोला.
दिवाकरभाऊ धावत आला. "अवं, आचारसंहिता लागली, भिंतीवर लिहू नोको!"
म्हणलं, शाळेले कुलूप लावलं तवा कोन्ती संहिता होती गा?

३१ ऑक्टो.
पयला आला. काळा गॉगल, जंगलात बी काढला नाई. आमी त्याले गॉगलवालाच म्हणतो.
"बाई, अजून चार गावं करायचे आहेत मले."
"आमच्या पोट्ट्याईले बी अजून लय वर्सं करायचे आहेत जी."
हासला. म्हणे पोट्टे गाडीत बसवा, आज मी सोडून देतो. वच्छलाबाई म्हणे, आज सोडान, उद्या? तो गाडीत जाऊन बसला. कोनी ओवाळलं नाई, कोनी ऐकलं नाई. गाडीवरचा भोंगा एकटाच बोंबलत गेला. मजा आली, खरं सांगतो.
घरी आली तं डब्यातलं रेशनचं कारड काढून पाह्यलं. हे बंद-बिंद केलं तं?

७ नोव्हें.
दुसरा, मिशीवाला. मोठं पोट, पन चालला! नाल्यात बूट हातात घेतले. चाकुलीनं त्याच्या हातात थाळी देल्ली. "काका, वाजवत राहा. चूप राह्यलं का वाघाले वाटते कोनी नाई."
अर्ध्या वाटेत गोट्यावर बसला. घामानं वला. "रोज?" म्हणे.
चाकुली म्हणे, "रविवारी नाई."
शाळेपाशी पोचल्यावर म्हणाला, निवडून आलो तं टोल्यावरची शाळा सुरू करतो. वच्छलाबाईनं हात जोडले. "भाऊ, इथी नोका सांगू. इथी सारेच सांगतेत. तालुक्याच्या सभेत सांगा, तुमच्या मोठ्या सायबासमोर."
मिशीवरून हात फिरवला. सांगतो म्हणे.

१२ नोव्हें.
सभा. धान कापणी टाकून वीस बाया गेलो, प्रत्येकीच्या पदराखाली थाळी. गेटवर पोलीसवाली म्हणे, थाळ्या कायले? म्हणलं, जेवण भेटन म्हणून.
मोठा सायेब खुर्चीवर. मिशीवाला बोलला, बोलला. रस्ते, पूल, धानाचा भाव. मी म्हणत होती, आता बोलन. आता बोलन. तो जय हिंद म्हणून बसला बी.
माय वं! नाल्यात बूट धरून उभा होता तो मानूस डोळ्यापुढं आला. एवढा राग मले जनमात नाई आला. दहा जनाईपुढं कधी बोलली नाई मी, पन थाळी पयले माहीच वाजली. मंग वीसच्या वीस. मोठा सायेब इकडं तिकडं पाहून राह्यला. वच्छलाबाई वरडली, "शाळेचं राह्यलं गा!"
मिशीवाला परत माईकवर आला. तोंड लाल. "जंगलातल्या बंद शाळा पुन्हा सुरू करू. मी त्या वाटेनं चाललो आहे."
मनातून बोलला का थाळ्याईच्या भेवानं, देव जाने. भेवानं बोलला तरी बोलला तं.

१४ नोव्हें.
आज गॉगलवाल्याची गाडी आली. भोंग्यात आता 'बंद शाळा सुरू करू' घातलं आहे! वच्छलाबाई हासून हासून खाली बसली.

मतदान.
बूथ आमच्याच शाळेत. कुलूप उघडलं. चढाले सिमेंटचा उतार, नवा बल्ब, संडासाले दार, पान्याचा ड्रम. एका दिवसात सारं. एवढे वर्सं बल्ब मांगत होतो आमी. माह्या सैपाकखोलीत पोलीसवाले च्या पिऊन राह्यले.
बोटाले शाई लावतानी सायबाले इचारलं, उद्या बी उघडी राहीन का? तो मान खाली घालून म्हणे, पुढं चला बाई.
कोनाले देल्लं ते इथी बी लिहीत नाई.

दुसऱ्या दिवशी.
कुलूप. बल्ब काढून नेला. भिंतीवरचं माहं लिहिलेलं तेवढं आहे. कोळसा आहे, निघत नाई.

निकाल.
गॉगलवाला आला निवडून. मिशीवाला पडला. फटाके इथवर ऐकू आले. चाकुलीचे बाबा घरीच होते. "लागला निकाल," म्हणाले. मी भाजी चिरत राह्यली. शब्द मीच देल्ला होता.
संध्याकाळी दिवाकरभाऊचा फोन. आमदारसायेब आभार मानाले येतेत, थाळी तयार ठेवा. म्हणलं, थाळी तयारच आहे. रीत तेच. आधी चाला.
"अवं, आता ते आमदार आहेत!"
"मंग तं चालाच लागन. भोंग्यात शाळा कोनाच्या होती?"
फोन बाजूले धरून कोनाशी तरी बोलला. मंग म्हणे, "किती चालावं लागन सायबाले?"
म्हणलं, "तिसरीची पोट्टी चालते तेवढंच."
इचारून सांगतो म्हणे. अजून फोन नाई.
चाकुलीचे बाबा बाजेवर बसून सारं ऐकून राह्यले होते. मंग इचारलं, "उद्या पाळी कोनाची?"
"माही."
"मंग दोन थाळ्या काढ. एक माही."