एका बटणात अख्खी गोदी

सोमवार, ४ मार्च

आज डोकं उठलं! रंगाच्या खोलीत बोडिलचा रेकॉर्ड प्लेअर, वेल्डिंगच्या शेडमध्ये ट्रोल्सचा मोबाइल आणि मधे 'एलना' गलबताशी विलाड्सचा रेडिओ. प्रत्येक जण दुसऱ्यावर आवाज चढवतोय. शेवटी विलाड्सने हातोडा खाली ठेवला. "मला फट ऐकू येत नाही." एवढंच म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

विलाड्स बसला म्हणजे गोदी बसली! फळ्यांच्या फटींत ताग ठोकून भरायचा, तो घट्ट बसला की नाही हे तो हातोड्याच्या आवाजावरून सांगतो. बद्द वाजलं की पुन्हा ठोकायचं, खणखणीत वाजलं की पुढची फट. त्याने पास केलेलं लाकूड आजवर गळलेलं नाही. आणि 'एलना' तेवीस तारखेला पाण्यात जायची आहे, त्याच दिवशी गावातली पोरंसोरं घेऊन बेटाला फेरी मारायची आहे.

मालक क्रेस्टेन ओरडला, "उद्यापासून गाणी बंद!" बोडिल म्हणाली, "मग रंगही बंद." झालं! मी मधे तोंड घातलं. म्हटलं, जरा दम धरा, मी सगळं एकात जोडून देते. क्रेस्टेन हसला. हसू दे.

गुरुवार, ७ मार्च

फजिती. तिन्ही यंत्रांच्या वायरी सरळ एकमेकींत पिळल्या. रेडिओने मोबाइलचा आवाज गिळला आणि रेकॉर्ड प्लेअर तर कुजबुजायलाही तयार नाही. इलेक्ट्रिशियन म्हणे मी! ट्रोल्स म्हणतो, "आता तिन्ही सारखेच वाईट वाजतात. न्याय झाला." गधडा.

शनिवार, ९ मार्च

जमलं!! नाचाच्या हॉलमध्ये धूळ खात पडलेला, गाण्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर मागून आणला. आता प्रत्येकाला आपली वेगळी वाट, आपलं वेगळं बटण. रेकॉर्ड प्लेअरचा आवाज मुळातच नाजूक, त्याला आधी वाढवून घ्यावं लागतं — त्यासाठी एक छोटी डबी मधे बसवली. तिघंही एकाच ॲम्प्लिफायरमधून बोलायला लागले. रिकाम्या गोदीत एकटी नाचले. चाळिशी कधीच मागे पडली, पण बघायला होतंच कोण?

मंगळवार, १२ मार्च

चार स्पीकर टांगले. एक बोडिलकडे, एक ट्रोल्सकडे आणि 'एलना'च्या पुढे-मागे एकेक. बोडिल 'एलना'च्या त्या दोन स्पीकरच्या बरोबर मधे येऊन उभी राहिली. "आस्ता, गाणारी बाई कुठे गेली गं?" खरंच की! बाजा वाजतोय आणि बाई गायब. एका स्पीकरच्या वायरी मी उलट्या लावल्या होत्या. एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता आणि मधल्या मधे बाईचा जीव जात होता. वायरी बदलल्या, बाई परत आली.

आमच्या गोदीत जो चुकतो तो सगळ्यांना बिअर पाजतो. पाजली. विलाड्सने दोन घेतल्या. "अशीच चुकत जा, पोरी."

शुक्रवार, १५ मार्च

आज माझा दिवस!

विलाड्सच्या बाकाशी एक मोठं काळं बटण बसवलं. ते खाली फिरवलं की अख्खी गोदी गप्प. मग तो ठोकणार, ऐकणार आणि झालं की पुन्हा वर फिरवणार. मिक्सर माझा, पण सत्ता त्याची. बारा वाजता रेडिओवरच्या घंटा चारही कोपऱ्यांतून एकदम घुमल्या आणि सगळ्यांनी एकदम हत्यारं खाली ठेवली. अंगावर काटा आला माझ्या.

क्रेस्टेनने पावाचा घास चावत चावत ऐकलं. म्हणाला, "इतकं काही वाईट नाही." या बेटावर याच्यापुढे फक्त पदकच उरतं!

बुधवार, २० मार्च

काम सोडून नुसती बघत उभी होते. विलाड्स बटण खाली करतो. शांतता. हातोडा पडतो, तो मान डोलावतो, पुढे सरकतो. डावी बाजू झाली, उजवी संपत आली. क्रेस्टेन सगळ्यांसमोर बोलला, "म्हाताऱ्याचं काम इतक्या झपाट्याने कधी झालं नव्हतं. एकही फट पुन्हा ठोकायला लागत नाही त्याला. हे आस्तामुळे." बोडिलने टाळ्या वाजवल्या. मी "छे छे" म्हटलं, पण मनातून म्हटलं, बोला, अजून बोला!

शुक्रवार, २२ मार्च

दुपारी काळ्या बटणाची वायर तुटली. ट्रोल्सची ती किंचाळणारी गाणी एकदम पूर्ण आवाजात सुरू. विलाड्स शेवटच्या फटी तपासत असणार, म्हणून माफी मागायला धावले.

बटण त्याने खाली फिरवून ठेवलेलं होतं. स्पीकर त्याच्या डोक्यावर नुसता बोंबलत होता. आणि विलाड्स कान फळीला लावून ठोकत होता, मान डोलावत होता, पुढे सरकत होता. मी मागून हाका मारल्या. तीनदा. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा दचकला. मग हसला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"श्श, आस्ता! ऐकू दे मला."

उद्या 'एलना' पाण्यात जाता कामा नये. क्रेस्टेनला मीच सांगणार. पण आधी विलाड्सच्या घरी जाते.