बंगईवरची जागा

ता. १२ फेब्रुवारी ६३, मंगळवार

आज सकाळी अण्णासाहेबांनी मला बंगईवर बसवलं. तिथून माझं आयुष्य बदललं.

अण्णासाहेब पंचायत समितीचे सभापती; त्यांच्या बैठकीत येणारा जाणारा सतरंजीवर बसतो. अण्णासाहेब एकटे बंगईवर, झोपाळा हलवत पान जमवत. ते ज्याला 'इकडे ये' म्हणतील आणि शेजारी बसवतील, त्याचं काम झालं. शब्द नाही, कागद नाही. साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे.

"ये बे गजानन."

गेलो. पितळी कड्या इतक्या लखलखीत की त्यात माझं तोंड दिसलं. मी काठावर टेकलो.

"नवरीवानी काऊन बसला? सरक आत."

मग कपाशीबद्दल बोलले, झोका घेत. नोकरीचं नाव नाही! मी खाली पाहिलं तर सगळी माणसं माझ्याकडे वर पाहत होती. खरंच वर.

बाहेर आल्यावर बाबांनी चपला घालायच्या आधीच हात जोडले. निवडणुकीत आमची बैलगाडी मतदारांना आणायला होती, त्याचं हे फळ. "झालास मास्तर. आता अकोल्याचं कॉलेज अर्धं टाकलं त्याचं कोनी काई म्हननार नाई." (होस्टेलच्या वॉर्डनच्या अंगावर वरणाची बादली ओतली म्हणून सोडावं लागलं, हे त्यांना अजून माहीत नाही.)

गावच्या शाळेत जागा एकच. ती माझी. आता राहिली कुसुम.

ता. १३, बुधवार

पोस्टमास्तरांच्या घरातच पोस्ट. मी रोज एक कार्ड घेतो. लिहायला कोणी नाही, पण खिडकीत कधी कधी त्यांची कुसुम असते. आज होती.

सांगितलं बंगईचं. तिचा चेहराच उतरला.

"त्या जागेसाठी मीबी अर्ज केला हाये."

मी कार्डाचे पैसे पुन्हा मोजले.

"तुमी बंगईवर बसले. मंग मी शनिवारी निवडीचा पाठ द्यायले कायले जाऊ?"

डोकं फिरलं माझं. "नको जाऊ! नाईतरी लग्न झाल्यावर तुले नोकरी कायले—"

"कोनाचं लग्न?"

"आपलं."

खिडकी धाडकन बंद. कार्ड आतच राहिलं. लग्नाचं आजवर कधी तिला विचारलंच नव्हतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. गाढव मी.

ता. १६, शनिवार

काय पाहिलं आज!

दरवेळी निवड बंद खोलीत होते. बाहेर चपराशी उभा, आत चहा. यावेळी नवे गटविकास अधिकारी. किडकिडीत माणूस, सायकलवर आला. दारं उघडायला लावली. मग म्हणाला, खोलीत कशाला, अंगणात घेऊ. तिसरीची पोरं लिंबाखाली बसवली. "ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. ही मुलं गावाची आहेत." अख्खं गाव कुंपणाशी. अण्णासाहेब खुर्चीवर, निवड समितीचे म्हणून.

पाठ सगळ्यांना एकच: नदी.

मी भाषण ठोकलं. गंगा, यमुना, सिंधू. एक पोरगं उठून म्हणालं, "मास्तर, मुतायले जाऊ?" गाव हसलं. मी त्याच्यावर ओरडलो, ते तिथंच रडलं.

मग कुसुम. तिने तांब्याभर पाणी घेतलं आणि काही न बोलता अंगणात ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मग उतार शोधत निघालं. "कुठं चाललं रे ते?" पोरं उठून मागे धावली. दगड आला, पाणी वळलं. पोरं ओरडली, "फुटली, नदी फुटली!" माझ्यामुळे रडलेलं ते पोरगं सगळ्यांच्या पुढे. कुंपणाशी म्हातारी माणसं टाचा उंचावून पाहत होती. मीही. पाणी मातीत मुरलं तेव्हा पोरं त्या ओल्या जागेवर हात ठेवून बसली.

नव्या साहेबांनी तिथंच उठून सांगितलं, "पहिल्या कुसुमबाई. का, ते तुम्ही पाहिलंच."

राग यायला हवा होता. आला नाही. हे असंही होऊ शकतं? सगळ्यांसमोर? आणि टाळी सगळ्यात मोठी अण्णासाहेबांची.

ता. १८, सोमवार

बोलावणं आलं. बाबा सतरंजीवर, मी बंगईवर.

अण्णासाहेब हसले. "साहेब नवा हाये. त्याले पाठ आवडला, मलेबी आवडला. पन हुकूम माझ्या सहीनं निघते."

मग हळूच, "तू रोज एक कारड घेतं म्हने. लिहितं कोनाले?"

या माणसाला काय काय माहीत असतं!

"पोस्टमास्तर मले नाई म्हननार नाई. सोयरीक मी जमवतो. पोरगी सोताच नाव मांगं घेते मंग. एका घरात दोन नोकऱ्या कायले? पोरगी तुयी, नोकरीबी तुयी."

बंगई हलत होती. दोन्ही माझ्या मांडीवर येऊन पडल्या होत्या. हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं बसून राहायचं. खोटं कशाला लिहू, बसलो. दोन झोके, तीन झोके. तिची खिडकी आठवली. मग ते पाणी दगडाशी वळलं ते...

उतरलो.

"बस ना बे," अण्णासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं. त्या बंगईवरून आपल्या पायांनी कोणी उतरत नसावं.

"अण्णासाहेब, पाठ मीबी पाह्यला."

"गजाननऽ!" बाबा.

त्या बैठकीचं दार दिवसा कधी बंद नसतं, अण्णासाहेबांना त्याचा अभिमान. उंबरा ओलांडला. आत रिकाम्या जागेसकट बंगई अजून हलत होती. सही कुणाच्या नावावर होईल, काय माहीत. बाबांच्या चपलांशेजारच्या माझ्या चपला पायात सरकवल्या, दाराच्या दोन्ही फळ्या धरल्या आणि बाहेरून ओढून घेतल्या.