दोन काटे

माय, तू गेलीस तेव्हा वाशिमात असलं मशीन नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. मी डोळ्यांच्या दवाखान्यात बुबुळाचा नकाशा काढते. पेशंटने हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि मधल्या दिव्याकडे बघायचं. समोर उजेडाची कडी असतात, एकात एक. त्यांचं प्रतिबिंब बुबुळावर पडतं आणि जिथे कडं वाकडं दिसेल तिथे बुबुळाचा आकार बिघडलेला. चढ असेल तिथे पडद्यावर लाल रंग येतो. रोज सकाळी पहिला पेशंट बसवायच्या आधी मी मशीनला नकली डोळा दाखवते. काळी, गुळगुळीत गोळी आहे ती. ती सगळी हिरवी आली की मशीन बरोबर. तुरीच्या दिवसांत रस्त्यावरची धूळ आत येते, तेव्हा मऊ कापडाने काच पुसून पुन्हा एकदा बघते. या गोळीवर माझा फार भरवसा आहे.

गेल्या आठवड्यात तुझी नात आली होती. तू तिला पाहिलं नाहीस. अकरावीत आहे, तुझ्यासारखीच उंच. चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता, म्हणून डॉक्टरांनी नकाशा काढायला सांगितला. मी तिला बसवलं, पापण्या मिट म्हटलं, उघड म्हटलं, बटण दाबलं. उजव्या डोळ्यात खालच्या बाजूला लाल डाग. मला वाटलं, पापणी वर धरताना माझंच बोट डोळ्यावर दाबलं गेलं. पुन्हा काढला, बोट भुवईच्या हाडावर ठेवून. पुन्हा लाल. ती हसत म्हणाली, “आई, तुझी मशीन बिघडली असन.” मीही हसले. काच पुसली, नकली डोळा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं, आज ही गोळी वाकडी येऊ दे. अनसिंगहून आलेले एक आजोबा बाकावर ताटकळले होते, त्यांना मी थांबा म्हटलं. गोळी हिरवी आली. काठापासून काठापर्यंत, जशी रोज येते तशी.

डॉक्टर शांतपणे बोलले. बुबुळावरची काच पातळ होऊन टोकदार निघते, असा हा आजार. सुरुवात आहे, आंधळेपण येत नाही, वाढतोय असं दिसलं तर थांबवायचे उपाय आहेत, दर काही महिन्यांनी नकाशा काढत राहू. डोळे चोळायचे नाहीत, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. मग मला विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? मी नाही म्हणाले. ते माझ्या तोंडातून निघालं आणि लगेच मला बाजार आठवला.

आपण मळ्यातून मेथी, कोथिंबीर म्हणजे आपला सांबार, वांगी घेऊन बसलेलो आहोत. संध्याकाळ होतेय, दुकानांचे दिवे लागलेत. तू तराजू उचलतेस, डोळे बारीक करतेस आणि मला कोपराने ढोसतेस. “मले दोन काटे दिसतेत. खरा कोनता, सांग.” मी मधला काटा बघून सांगते, आला मधी. समोरचा गिऱ्हाईक म्हणतो, दोन दिसतेत तं दोन किलो समजून दे वो माय. तू त्याला सोडत नाहीस, म्हणतेस, तूही दोन दिसून राह्यला, पैसे दोघायचे दे. सगळे हसतात. मग तू पदराने डोळे चोळतेस, खूप वेळ, आणि मी चोळले की माझ्याच हातावर मारतेस. “डोये कायले चोयून राह्यली?” कांद्याने होतं, मिरचीने होतं, असंच आपण सगळे समजत होतो. शिबिरातून मिळालेला चष्मा तू खिळ्याला अडकवून ठेवलास, त्यानेही काटा एक झाला नाही. तुझ्या डोळ्यात काय होतं ते आता कोण सांगणार? नकाशा काढायला तू नाहीस. पण लेकीचा नकाशा काढल्यापासून मला झोप धड लागत नाही. लेकीचा हात डोळ्याकडे गेला की मी स्वयंपाकघरातून ओरडते, तुझ्याच शब्दांत, आणि ती म्हणते, आई, मी केस मागे घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना तुझ्या काट्यांचं सांगितलं. ते म्हणाले, मग तुमचाही एकदा काढून घ्या, पाच मिनिटांचं काम. मी हो म्हणाले. रोज म्हणते. आज गर्दी आहे, उद्या काच पुसायची आहे. इतक्या लोकांना त्या खुर्चीत बसवलं, रिठदच्या, मानोऱ्याच्या, पण स्वतः मी कधी हनुवटी टेकवली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. समोरून मोटारसायकल आली की मला तिच्या दिव्याला खाली शेपटी दिसते. लहानपणापासून दिसते. सगळ्यांनाच दिसत असेल, असं मी समजत आले; आता कळतं, या आजारात असंच दिसतं. लेकीला अजून सांगितलेलं नाही. तिने बघितलं, की आईचा नकाशाही त्या गोळीसारखा हिरवा नाही, तर ती कोणावर भरवसा ठेवेल?