बायनाबाईंची स्लाइड

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
भद्रावतीहून सकाळची एसटी धरली, चंद्रपूरला गाडी बदलली आणि दुपारी गडचिरोलीत पोचले. हॉस्पिटल तीस खाटांचं, पण लॅबच्या खिडकीतून साग दिसतो. दारावर नवी कोरी पाटी: डॉ. संघप्रिया, पॅथॉलॉजिस्ट. आईला फोटो पाठवला, तर तिनं तो फॅक्टरी कॉलनीभर दाखवला म्हणे. लॅब सांभाळणाऱ्या नीलाबाईंनी चहा दिला आणि मायक्रोस्कोपचं बटण हळू फिरवा म्हणून बजावलं. इथे गाठ कसली, हे सांगणारी आता मी एकटीच. छान वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बायनाबाई, वय एकेचाळीस, चामोर्शीकडच्या. डाव्या स्तनात सुपारीएवढी टणक गाठ, वरची कातडी आत ओढलेली. मॅमोग्राफीत गाठीच्या कडा काटेरी. सर्जन सरांनी जाड सुईने तुकडा काढून पाठवला, सोबतच्या कागदावर स्वतःच ‘कॅन्सर’ लिहून. स्लाइडवर पेशींचे पुंजके आजूबाजूला घुसलेले दिसले. मीही तेच लिहिलं, सही केली. पुढच्या शुक्रवारी स्तन काढणार. त्यांचे पती श्रीहरीभाऊ रिपोर्ट दोन्ही हातांनी घेऊन गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार
स्लाइड जागेवर लावताना सहज पुन्हा पाहिली. पेशी मोठ्या, आत रव्यासारखे गुलाबी दाणे ठासून भरलेले. केंद्रकं मात्र लहान, शांत. एकही पेशी दुभंगताना दिसेना. कॅन्सर इतका शांत नसतो.
ग्रॅन्युलर सेल ट्यूमर! शिकताना एकदाच वाचला होता. फार क्वचित होतो, हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, आणि जवळजवळ नेहमी निरुपद्रवी असतो. तेवढी गाठ काढली की झालं. स्तन काढावा लागत नाही.
रिपोर्टची प्रत काढून पुन्हा वाचली. एस-१०० नावाच्या तपासणीने उलगडा होईल, पण ती नागपूरलाच होते. मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा लगेच कुरिअरने पाठवला. सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत थांबतो. वर म्हणाले, उशीर झाला आणि कॅन्सरच निघाला, तर जबाबदारी तुमची.
तेही खरंच. दोन्हीकडून मीच.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बायनाबाई भरती झाल्यात. वॉर्डात जाऊन सांगितलं, कदाचित कॅन्सर नसेल, निकाल येईपर्यंत थांबा. त्यांनी पोलक्यातून घामानं ओला झालेला कागद काढला. माझा रिपोर्ट.
“मॅडम, तुमीच तं लिहून देल्लं ना, कॅन्सर हाय म्हणून? मंग आता काऊन नाई म्हणून राह्यल्या? काढून टाका. मले पोरीचं लगन पाह्यचं हाय.”
सही ओळखू येत होती. माझीच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा
सरांना उद्या बाहेरगावी जायचंय, म्हणून ऑपरेशन आजच घेतलं. मला कुणी कळवलं नाही. नीलाबाई आत्ता सांगतायत, भूल देऊन अर्धा तास झाला. आत निरोप पाठवला, थांबा. उत्तर आलं, पेशंट थांबायला तयार नव्हती आणि कागदावरचा रिपोर्ट तुमचाच आहे.
नागपूरचा फोन लागत नाही—

पावणेबारा
लागला. एस-१०० पॉझिटिव्ह. कॅन्सर नाही. नाही—
धावले.

बारा
ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर. निकालाची चिठ्ठी आत गेलीय. मला सोडत नाहीत. श्रीहरीभाऊ विचारतात, मॅडम, तुमी काऊन रडून राह्यल्या? काय सांगू—
लिहिलं नाही तर ओरडेन.
आत कुणीतरी मोठ्यानं बोललं. अवजारांचा आवाज थांबला—
दार उघडलं. सिस्टर. माझ्याकडे बघत नाही. श्रीहरीभाऊंकडेही नाही. हातात तपासणीला पाठवायची बरणी, वर माझ्या लॅबचं नाव. एवढ्याशा गाठीला एवढी मोठी बरणी कशाला—