माझ्या फोनातला घोगऱ्या

३ मार्च, सोमवार

माझ्या फोनाला कुणीतरी हात लावतंय.

पक्कं सांगतो. लॉन्ड्रीत फोन न्यायला बंदी आहे – वाफेनं बिघडतात म्हणे. खरं कारण आम्ही कामचुकारपणा करू हे! म्हणून पाळीवर जाताना फोन खोलीत चार्जिंगला लावून जातो. आज आलो, आंघोळ केली, व्हिडिओ उघडले, तर ‘पाहिलेले’मध्ये एक म्हातारा. डोळे मिटलेले, एक हात वर. मी लावलाच नव्हता. मी कुस्त्या बघतो, आणि बंद पडलेले ट्रक दुरुस्त करतात ते बघतो. बाकी काही नाही.

बेचाळीस मिनिटांचं भाषण. अख्खं बघितलेलं!

दोन मिनिटं लावून पाहिलं. आवाज घोगरा, घशात वाळू अडकल्यासारखा. पुसून टाकलं.

खोलीत आम्ही तिघं. ड्रायव्हरदादा पहाटेपासून गाडीवर असतो, हॉस्पिटलांच्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. राहिला मुका. त्याची दुसरी पाळी. सहा ते दोन मी नसतो तेव्हा तो खोलीत एकटा. आणि त्याच्या फोनाची काच फुटून महिना झाला.

मुका हे नाव दादानं ठेवलंय. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार ‘हं’.

५ मार्च

आज परत. दोन!

दादाला आडून विचारलं, असा असा घोगरा बोलणारा म्हातारा कोण? दादा चहा ओतायचा थांबला. ‘तो? अरे, तो मेला की! सहा-सात वर्षं झाली. तुरुंगातच गेला.’

मग त्याचं रोज नवीन कसं येतं?

‘जुनंच असतं रे. बंदी असूनही लोक कापतात, जोडतात, वर चढवतात. एक बंद केलं की दहा उगवतात. जिवंतपणी बोलला नसेल एवढं मेल्यावर बोलतोय!’ मग आवाज उतरवून – ‘दोन नंबरच्या खोलीतला तो उंच इस्त्रीवाला आठवतो? त्याच्या फोनात ह्याचंच सापडलं. चार दिवसांत विमानानं घरी. पुन्हा कुठली कंपनी उभं करणार नाही त्याला. पैलवान, तुझ्या फोनात तर नाही ना?’

‘छे! सहज विचारलं.’

पैलवान म्हणजे मी. वजन एकावन्न किलो.

पंधरा तारखेला गेटवर फोन तपासतात. दहा दिवस राहिले.

६ मार्च

फोनाचं कुलूप बदललं. आधीचं म्हणजे नुसती आडवी रेघ, आंधळ्यालाही उघडता आलं असतं. आता असं अवघड केलंय की मलाच तीनदा चुकलं.

७ मार्च

तरीही!! नवं कुलूप त्यानं कधी पाहिलं? काल मी उघडत होतो तेव्हा तो मोजे वाळत घालत होता. पाठमोरा होता. पाठमोरा दाखवत होता.

यादी नीट वाचली. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचतो. घोगऱ्या. मग देवाची गाणी. मग ‘गुडघेदुखीवर सात उपाय’. परत घोगऱ्या. देवाची गाणी म्हणजे झाकण, कळतं मला. आणि गुडघे? मुका जिना उतरताना गुडघा धरतो. पाहिलंय मी.

सापडलास!

९ मार्च, रविवार

सुट्टी. दुपारी दोघंही बाहेर. चोराचा माग काढायचा तर चोराच्या वाटेनं चालावं लागतं, म्हणून घोगऱ्याचं एक भाषण पूर्ण ऐकलं. मग दुसरं. मग तिसरं अर्धं.

मला वाटलं होतं शिव्या देत असेल. देत नाही! हळू बोलतो. ‘बाळा’ म्हणतो. म्हणतो, बाळा, परक्या मुलखात राबतोस, हात भाजतात, तुला कोण विचारतं? मी हातांकडे पाहिलं. दोन्ही मनगटांवर इस्त्रीच्या रोलरचे डाग. खरंच कोण विचारतं?

मग हळूच वळतो. ते लोक कसे गोड बोलून घरात शिरतात, दार का बंद ठेवायचं, शेवटी काय करायचं. ते मी इथे लिहीत नाही. आणि आपल्यातलेच त्यांना कसे सामील असतात. ‘तुझ्याशेजारी कोण झोपतं, एकदा बघ तरी.’

मुका तेवढ्यात परत आला. चपला बाहेर काढल्या, जमिनीवर बसला. मी बघितलं.

१० मार्च

पाळी बदलताना अर्धा तास मुका माझ्यासोबत रोलरवर. ओली चादर आत जाते, पलीकडून तापलेली सपाट बाहेर येते. दोघांनी कोपरे पकडायचे, झटका द्यायचा, दुमडायची. एकानं जरा उशीर केला की दुसऱ्याचा हात भाजतो. वर्षभर केलं आम्ही हे. डोळे मिटून व्हायचं.

आज तीनदा चुकलं. त्याचे ओठ हलत होते. सतत. ‘काय पुटपुटतोस?’ म्हटलं. ‘हं?’ म्हणाला.

खोलीतही तेच. भिंतीकडे तोंड, डोळे मिटून पुटपुटतो. हातात घडी घातलेला कागद. मी आलो की खिशात.

घोगऱ्याच्या एका भाषणात आहे – ज्याचं ठरलेलं असतं तो बोलायचा बंद होतो.

पण मुका तर आधीपासूनच बोलत नाही. ते सोड.

११ मार्च

ही वही गादीखाली सरळ ठेवली होती. तिरकी झालीय. का मीच ठेवली तिरकी?

घोगऱ्याचे आणखी दोन ऐकले. पुरावा म्हणून.

१२ मार्च

सरळ विचारलं. दादासमोर.

‘माझा फोन घेतोस?’

‘नाही.’

‘शपथ घे.’

‘शपथ कशाला? नाही म्हटलं ना.’

‘मग तो कागद दाखव.’

कानापर्यंत लाल झाला. नाही दाखवला. दादा म्हणाला, ‘जाऊ दे ना पैलवान, ज्याच्या त्याच्या खिशात ज्याचं त्याचं.’ दादाला काय जातं! फोन माझा. गेटवर हात वर करून उभा राहणार मी.

आईला फोन लावला होता. नीट बोलली नाही. ‘ऐकतेय तुझं सगळं, काळजी करू नकोस’ एवढंच. काय ऐकतेय? म्हातारपणी काहीही बोलते.

१३ मार्च

मुकादमाकडे गेलो. सांगितलं.

चुगली नाही म्हणायची ह्याला. आपलं घर जळत असताना पाणी कुणाच्या विहिरीचं हे विचारत नाहीत.

मुकादमानं पंखा बंद केला, म्हणाला, ‘पुन्हा सांग.’ पुन्हा सांगितलं. पुटपुटणं, कागद, माझा फोन, सगळं. ‘बरं केलंस आधी आलास. पंधराला तुझ्या फोनात सापडलं असतं तर तुलाच धरलं असतं.’

बाहेर आलो आणि दुप्पट जेवलो. भुकेनं असेल.

१४ मार्च

मुक्याला रोलरवरूनच बोलावून नेलं. त्याच्या बाजूची चादर खाली पडली. मी एकट्यानं उचलली.

संध्याकाळी दोघांनी येऊन त्याची बॅग नेली. ऑफिसामागच्या खोलीत ठेवलंय म्हणे, कागद होईपर्यंत. बावीस तारखेचं विमान.

मोजे दोरीवरच राहिले.

१५ मार्च

गेटवर तपासणी. रांगेतच कुस्त्या सोडून सगळं पुसलं. शिपायानं फोन खाली-वर केला, म्हणाला, ‘नुसत्या कुस्त्याच रे तुझ्या!’ सगळे हसले. मी पण.

मोठ्यानं हसलो जरा.

१७ मार्च

परत आलं.

दोन. घोगऱ्या. अख्खे बघितलेले. आज सकाळचे!

मुका कुलपात आहे.

१८ मार्च

मग दादा! दुसरं कोण? जिवंतपणीचं, मेल्यावरचं, सगळं त्यालाच कसं ठाऊक? दुपारी येऊन जात असेल, गाडी खाली लावून. दादा आल्या आल्या मी अंगावर गेलो. ‘मला सगळं कळलंय!’

‘काय कळलंय?’

‘मुक्याला अडकवलंस तू!’

दादा खाली बसला. त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, ‘म्हणजे तू सांगितलंस?’

मग त्यानं स्वतःच्या बॅगेतून कागद काढले. मुक्याच्या खिशात असायचे तसलेच. घडीवर घडी. त्यावर लाल गोल, त्रिकोण, बाण. रस्त्यावरच्या पाट्या. खाली दादाच्या अक्षरात – थांबा, वळण, पुढे शाळा.

‘लायसन्स काढायचं होतं त्याला. मी शिकवत होतो. परीक्षा तोंडी असते, म्हणून पाठ करायचा. तुला सांगू नका म्हणाला. पैलवान हसेल म्हणाला.’

मी हसलो असतो. तेही खरं.

दादा गाडीतच झोपायला गेला.

१९ मार्च

पाळी सुटल्यावर मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, माझ्या फोनात भूत आहे. त्यानं चष्मा वर केला, दोन-चारदा बोट फिरवलं, अर्धं मिनिटही लागलं नाही. ‘भूतबित काही नाही. हे खातं दोन फोनांत चालू आहे. इकडे जे बघाल ते तिकडे दिसतं, तिकडचं इकडे. दुसरा फोन कुणाचा?’

दुसरा फोन.

इकडे यायला निघायच्या आदल्या दिवशी आईला घेऊन दिला होता. दुकानदार म्हणाला, खातं उघडायला नाव-पत्ता, जन्मतारीख लागेल. आईला जन्मतारीख ठाऊक नाही. मागे रांग होती. म्हटलं, माझंच टाका दोन्हीकडे, आई काय नि मी काय!

देवाची गाणी. गुडघे.

‘बंद करू का तिकडचं?’ मोबाईलवाला म्हणाला. मी फोन ओढून घेतला आणि दुकानाबाहेर आलो. बराच वेळ चुकीच्या दिशेनं चालत होतो.

२० मार्च

मुकादमाच्या दारात उभा राहिलो. सगळं जुळवून गेलो होतो. मुक्यानं काही केलं नाही, फोन माझा, खातं माझं.

‘काय रे?’

त्याच्या टेबलावर मुक्याची फाइल. वर फोटो. फोटोतही तोंड बंद.

सांगितलं तर मी घरी. पुन्हा कुठली कंपनी उभं करणार नाही. आणि विचारतील, दुसरा फोन कुणाचा? मग आईचं नाव?

‘काही नाही. हातमोजे संपलेत.’

त्यानं नवे दिले. ते घालून दिवसभर काम केलं. बोटांना घट्ट होतात.

आज ठरवलं – आधी आईला खडसवायचं. तिनंच केलंय हे सगळं. असलं कशाला ऐकायचं? कोण शिकवतं तुला?

२१ मार्च, शुक्रवार

पहाटे आईला फोन केला. ओरडलोच.

आई गोंधळली. ‘अरे, आधी ते आपोआप लागायचे, गाण्यांमागून. मी फोन तसाच ठेवून कामाला लागायचे, ऐकत नव्हते. मग रविवारी रांगच लागली. कोपऱ्यात तुझा फोटो असतो ना? मला वाटलं तूच लावून देतोयस, आईनं ऐकावं म्हणून. पहिल्यांदा नाही पटलं मला. पण म्हटलं, पोरगा बाहेर राहतो, जग बघतो, त्याला जास्त कळतं. तू म्हणतोस तर ऐकते. शेजारच्या मावशीला दार उघडायचं पण बंद केलं मी. ती त्यांच्यातली ना. माझ्या डोळ्यांत औषध घालायला यायची, दोनदा हाका मारून गेली. बरोबर केलं ना रे?’

रविवारी म्हणजे नऊ तारीख. त्या दिवशी बघत कोण होतं!

मुक्याचं विमान उद्या. मुकादमाचं ऑफिस आठला उघडतं. आत्ता साडेसात. पाळी बुडवून त्याच्याच पायरीवर बसून लिहितोय.